काँगचा कोरडा कालवा

आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो आणि गॉलवे या दोन काउंट्यांच्या सीमेवर, काँग नावाचे एक लहानसे गाव आहे. त्याच्या उत्तरेला मास्क सरोवर आहे, दक्षिणेला कॉरिब सरोवर आहे आणि या दोहोंच्या मधल्या काही किलोमीटरांच्या चिंचोळ्या पट्टीत चुनखडीच्या दगडाचे राज्य आहे. मास्कची पातळी कॉरिबपेक्षा सुमारे १० मीटरने उंच, तरीही एका सरोवरातून दुसऱ्यात जाणारी नदी या पट्टीवर कोठे दिसत नाही, कारण मास्कचे पाणी काठच्या भेगांमधून जमिनीत शिरते, चुनखडीच्या पोटातून वाट काढते आणि काँगच्या वेशीशी झऱ्यांच्या रूपाने एकदम वर उसळते. तेथून त्याची नदी होते, आणि ती नदी थोडेसेच अंतर वाहून कॉरिबला मिळते. गावाजवळच्या राईत दगडी पायऱ्यांनी खाली उतरता येईल अशी एक गुहा आहे. पावसाळी दिवसांत तिच्या तळाशी उभे राहिले, की अंधारात धावणाऱ्या त्या पाण्याचा आवाज ऐकू येतो. या पाण्यात एक पांढरी मासोळी राहते आणि ती मुळात प्रियकराला मुकलेली राजकन्या आहे, तिला तव्यावर टाकणाऱ्या एका शिपायाची चांगलीच फजिती झाली, अशी कथा या भागात जुनी आहे.

भूगोल आधी सांगितला, कारण काँगच्या इतिहासात ही सच्छिद्र जमीन सतत आडवी येते. गॉलवेत राहायला आल्यापासून घरी येणाऱ्या पाहुण्यांना मी या गावी नेत असतो, आणि बहुतेक जण गाडीतून उतरताच थेट मध्ययुगीन मठाकडे धावतात. त्यांचे काही चुकत नाही. मठ सुंदरच आहे, त्याच्यामागे नदी आहे, पलीकडे गर्द झाडी आहे, आणि आपण फार पुरातन काहीतरी पाहतो आहोत हे समाधान तेथे लगेच मिळते. मी मात्र हल्ली पाहुण्यांना आधी कालव्यावर नेतो. कालवा जेमतेम पावणेदोनशे वर्षांचा, त्यामुळे प्राचीन वारसा पाहायला आलेल्या माणसाची थोडी निराशा होते. पण त्या कालव्याची हकीकत ठाऊक असल्याशिवाय मठाच्या कमानी नीट कळत नाहीत, असे माझे मत झाले आहे.

१८४५ साली आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला, आणि पुढच्या वर्षांत तो पुन्हा पुन्हा पडत राहिला. गरीब कुळांचे सगळे पोट त्या एका पिकावर अवलंबून होते. काही वर्षांच्या अवधीत सुमारे १० लाख माणसे भुकेने आणि तापाच्या साथींनी मेली, आणि जवळजवळ तितकीच जहाजात बसून देशाबाहेर गेली. मेयो ही सर्वाधिक होरपळलेल्या काउंट्यांपैकी एक. १८४१ च्या शिरगणतीत तिची लोकसंख्या ३,८८,८८७ होती, ती १८५१ मध्ये २,७४,४९९ भरली. याच काळात, १८४८ मध्ये, सरकारच्या सार्वजनिक बांधकाम मंडळाने मास्क आणि कॉरिब जोडणाऱ्या कालव्याचे काम काढले. गॉलवे बंदरातून निघालेली बोट कॉरिब ओलांडून, कालव्यातून वर चढून मास्कमध्ये पोहोचावी, असा बेत होता. उपाशी माणसांच्या हाताला काम देणे हा त्यातला दुसरा हेतू; आपल्याकडे ज्याला दुष्काळी काम म्हणतात, अगदी तेच. चुनखडीचा कातळ फोडून हजारो हातांनी ही खोदाई केली.

१८५४ मध्ये बोटींसाठीचे काम थांबवण्याचा हुकूम आला. गावात यावर एक विनोदी कथा सांगतात: बडे अधिकारी जमले, पाणी सोडण्यात आले, आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत ते तळाच्या भेगांतून गडप झाले. खरी गोष्ट इतकी नाट्यमय नसावी. जमीन पाणी धरत नाही हे खोदणाऱ्यांना पहिल्या वर्षापासून दिसत असणार. तळाला अस्तर घालण्याचा खर्च मोठा होता, आणि शिवाय १८५१ मध्येच डब्लिनहून निघालेली आगगाडी गॉलवेपर्यंत येऊन पोहोचली होती, त्यामुळे बोटींच्या व्यापाराचे गणितच मोडले होते. पण विनोदी कथा टिकून राहिली, आणि का टिकली हे समजण्यासारखे आहे. ज्या माणसांच्या आजोबा-पणजोबांनी पोटासाठी तो कातळ फोडला, त्यांना निदान साहेबाच्या फजितीचा आनंद तरी हवा.

कालवा आज जसाच्या तसा आहे. बोटी चढवण्या-उतरवण्यासाठी बांधलेल्या दगडी हौदांच्या भिंती अजून ओळंब्यात उभ्या आहेत. एकेक चिरा घडीव आहे, त्यावर छिन्नीच्या समांतर रेघा स्पष्ट दिसतात, सांध्यांत सुरी जाणार नाही अशी जोडणी आहे. तळाशी गवत, नेचे आणि दगडगोटे. हिवाळ्यात भूजल चढले, की त्यात थोडेफार पाणी दिसते आणि उन्हाळ्यात ते नाहीसे होते. इतके उत्तम आणि इतके निरुपयोगी बांधकाम मी दुसरे पाहिलेले नाही.

आता मठाकडे जाऊ. येथे पहिला मठ सातव्या शतकात संत फेहिन याने स्थापला अशी परंपरा आहे. फेहिन हा पश्चिम आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या एकाकी बेटांपर्यंत मठ उभारत गेलेला भटका साधू. ६६४-६५ च्या भयंकर साथीत तो वारला. त्याचा मठ लाकडी असणार, त्यातले काही उरलेले नाही. १११४ मध्ये आग लागली, त्यानंतर कॉनॉट या पश्चिमेकडच्या प्रांताचा राजा टरलॉ ओ'कॉनर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑगस्टिनियन पंथाच्या संन्याशांसाठी मठाची नव्याने उभारणी केली. टरलॉ हा महत्त्वाकांक्षी माणूस. आयर्लंडमध्ये त्या काळी प्रत्येक प्रांताला आपला राजा होता आणि त्या सर्वांवर एक महाराजा असावा अशी कल्पना होती. पण महाराजाचे पद रणात मिळवावे लागे आणि रणातच राखावे लागे. टरलॉने किल्ले बांधले, आरमार ठेवले, शेजाऱ्यांचे मुलूख वाटून टाकले, आणि या सगळ्याला धर्माचे अधिष्ठानही मिळवले.

त्या अधिष्ठानाची सर्वांत देखणी खूण म्हणजे काँगचा क्रूस. ख्रिस्ताला ज्या क्रुसावर खिळले त्याच्या लाकडाचा एक तुकडा म्हणून मानलेला अवशेष ११२३ मध्ये आयर्लंडमध्ये आला. टरलॉने त्याची देशभर मिरवणूक काढली आणि तो ठेवण्यासाठी रॉसकॉमन येथे एक क्रूस घडवून घेतला. मिरवणुकीत उंच धरायचा हा क्रूस सुमारे ७६ सेंटीमीटर उंच आहे. आत ओकच्या लाकडाचा गाभा, त्यावर धातूचे पत्रे, आणि त्यांवर सोन्याच्या मुलाम्याची जाळीदार नक्षी, जिच्यात लांबलचक अंगाचे प्राणी आणि साप एकमेकांत असे गुंतले आहेत की एकाची शेपटी शोधू लागावे तर दुसऱ्याचा जबडा हाती लागतो. ही धाटणी मूळची स्कँडिनेव्हियाची, व्हायकिंगांबरोबर आलेली. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी मठ लुटले त्यांची कला आता मठाच्या सर्वांत पवित्र वस्तूवर बसली होती. क्रुसाच्या मध्यभागी स्फटिकाचा फुगीर खडा आहे. अवशेष त्याच्यामागे ठेवलेला असे, म्हणजे भाविकाला तो त्या खड्यातून दिसावा. क्रुसाच्या पायथ्याशी एका जनावराचे डोके आहे आणि त्याने सबंध क्रूस जबड्यात पकडून धरला आहे. ज्या लाकडासाठी हे सारे केले, ते आज तेथे नाही.

कडेच्या पट्टीवर लॅटिन आणि आयरिश अशा दोन भाषांत लेख आहे. त्यात टरलॉसाठी प्रार्थना करा असे म्हटले आहे आणि त्याला सरळ आयर्लंडचा राजा असे संबोधले आहे, म्हणजे जी गोष्ट रणांगणावर अजून पुरती ठरायची होती ती धातूवर कोरून टाकली आहे. बिशपांची नावे आहेत. आणि शेवटी, हे काम ज्याने केले त्या कारागिराचे, माल ईसू याचेही नाव आहे, त्याच्यासाठीही प्रार्थना मागितली आहे. बाराव्या शतकातल्या कारागिराचे नाव त्याच्या कामावर मिळणे ही दुर्मीळ गोष्ट, आणि मला स्वतःला राजाच्या नावापेक्षा तेच वाचताना अधिक आनंद होतो.

टरलॉचा मुलगा रोरी ओ'कॉनर हा आयर्लंडचा शेवटचा महाराजा ठरला. ११६६ मध्ये लेन्स्टरच्या राजाला त्याने देशोधडीला लावले, तो राजा इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीकडे मदत मागायला गेला, आणि ११६९ पासून नॉर्मन सरदार आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरू लागले. ११७५ मध्ये विंडसर येथे रोरीने हेन्रीचे मांडलिकत्व पत्करले. पुढे त्याच्याच मुलांनी त्याच्याविरुद्ध शस्त्र उचलले. ११८३ मध्ये त्याने राज्य सोडले आणि तो काँगच्या मठात येऊन राहिला. मध्यंतरी गादी परत मिळवण्याचा त्याने एक प्रयत्न केला, तो फसला, आणि ११९८ मध्ये काँगमध्येच त्याचे निधन झाले. पुरण्यासाठी मात्र त्याला शॅनन नदीकाठच्या क्लॉनमॅकनॉइसच्या मठात, बापाशेजारी नेण्यात आले. मठातले संन्यासी या अतिथीशी कसे वागत असतील याची कल्पना मी नेहमी करतो. एके काळच्या महाराजाला पंगतीत कोठे बसवायचे, हा प्रश्न तेथे रोज उभा राहिला असणार.

मठाच्या मागे नदीपात्रातल्या दगडी चौथऱ्यावर, एका लहान कमानीवर पाय देऊन, संन्याशांचे मासे धरण्याचे घर उभे आहे. ते बरेच नंतरचे, पंधराव्या-सोळाव्या शतकातले मानतात. एकच खोली, भिंतीत शेकोटी, आणि फरशीत एक चौकोनी भोक, ज्याच्याखालून नदी वाहते. त्या भोकातून जाळे खाली सोडायचे, शेकोटीशी बसायचे आणि वाट पाहायची. मासा सापडला की मुदपाकखान्यात घंटा वाजावी म्हणून येथपासून तेथपर्यंत दोरी बांधलेली असे, असेही सांगतात. काँगमधल्या सगळ्या वास्तूंत मला ही सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण तिच्यावर कोणाच्या कीर्तीचा भार नाही. भूक आणि थंडी या दोन अडचणींवर कोणीतरी अक्कलहुशारीने काढलेला तो तोडगा आहे.

सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठ खालसा केले तेव्हा काँगचाही मठ गेला. क्रूस मात्र गावात राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो गावच्या वृद्ध धर्मगुरूकडे होता, आणि त्याच्या मृत्यूनंतर, १८३९ मध्ये, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधला गणितज्ञ जेम्स मॅककुलाख याने तो १०० गिनींना विकत घेऊन रॉयल आयरिश अकादमीला दिला. आज तो डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुढे काँगला आलेल्या लॅव्हेल नावाच्या लढाऊ पाद्रीबुवांना ही विक्री मुळीच मान्य नव्हती. ते एकदा अकादमीत गेले, क्रूस उचलून कोटाखाली दडवला आणि बाहेर पडू लागले, पण पकडले गेले, अशी हकीकत गावात रंगवून सांगतात. पाद्रीबुवांबद्दल मला सहानुभूती आहे. तरी एवढे म्हणावेसे वाटते की क्रूस घडला रॉसकॉमनला आणि घडवला तो बहुधा ट्यूमच्या प्रधान चर्चसाठी, तेव्हा हक्काचा वाद काढलाच तर काँगच्याही आधी उभे राहणारे दावेदार निघतील.

मठाच्या ओवऱ्यांच्या कमानी हे आजच्या काँगचे भूषण. छायाचित्रांत त्याच दिसतात. पण त्यांपैकी बराच भाग १८६० च्या आसपास नव्याने उभा केलेला आहे, पीटर फॉय या स्थानिक पाथरवटाच्या हातून, आणि खर्च केला बेंजामिन ली गिनेस याने. तोच गिनेस, डब्लिनच्या काळ्या बिअरचा. त्याने १८५२ मध्ये काँगला लागून असलेली ॲशफर्डची जहागीर विकत घेतली. ती विकायला का निघाली? दुष्काळात कुळांकडून खंड येणे बंद झाले, जमीनदार कर्जात बुडाले, आणि १८४९ च्या कायद्याने नेमलेल्या न्यायालयामार्फत अशा कर्जबाजारी जहागिरी लिलावात निघू लागल्या. म्हणजे गावाच्या एका अंगाला माणसे अजून कालवा खणत असताना दुसऱ्या अंगाला नवा धनी जमीन घेत होता, आणि काही वर्षांनी त्याच धन्याने पडक्या मठाच्या कमानी सावरल्या. मठ आणि कालवा एकाच काळाची लेकरे आहेत, असे मी म्हणतो ते या अर्थाने. कमानींवरच्या पानाफुलांत तेराव्या शतकातली पाने कोणती आणि फॉयची कोणती, हे ओळखण्याचा खेळ पाहुणे खेळतात आणि बहुतेक वेळा हरतात. फॉयचा हात तितकाच कसलेला होता. गिनेसच्या दानतीला मी नावे ठेवणार नाही. त्याच्या पैशावाचून आज तेथे दगडांचे ढिगारे असते.

याच सुमारास काँगच्या पुरातनत्वाला आणखी एका माणसाचा हात लागला. डॉक्टर विल्यम वाइल्ड हा डब्लिनचा नामांकित नेत्र आणि कर्णशल्यविशारद, नाटककार ऑस्कर वाइल्डचा बाप. काँगजवळ कॉरिबच्या काठी त्याने १८६५ मध्ये घर बांधले आणि त्याला मॉयटुरा असे नाव दिले. मॉयटुरा हे आयरिश पुराणातल्या रणांगणाचे नाव. तेथे फिर बोल्ग हे आधीचे रहिवासी आणि तुआथा डे डॅनन ही देवतुल्य माणसे यांच्यात चार दिवस युद्ध झाले, त्यात डॅननांचा राजा नुआदा याचा हात तुटला आणि अंगी व्यंग आल्यामुळे त्याला राज्यही सोडावे लागले. नंतर वैद्य डियान केख्त याने त्याला चांदीचा हात बसवला. काँगच्या पूर्वेच्या माळावर दगडी वर्तुळे आहेत, दगडांच्या राशी रचून केलेल्या प्रचंड समाध्या आहेत, आणि हेच ते रणांगण, असे वाइल्डने ठरवले. हातात पुराणाची पोथी घेऊन त्याने एकेका राशीला एकेक प्रसंग जोडला. राजाला वाचवताना मेलेल्या तरुणासाठी प्रत्येक सैनिकाने एक-एक दगड टाकून समाधी रचली, अशी कथा पोथीत आहे; वाइल्डने त्या वर्णनाशी जुळणारी रास उकरली, आत अस्थिकलश निघाला, आणि त्याची खात्रीच पटली.

आजचे पुरातत्त्वज्ञ याला मान डोलावत नाहीत. त्या समाध्या आणि ती वर्तुळे नवाश्मयुग आणि ताम्र-कांस्ययुगाची, आणि पोथी लिहिली मध्ययुगातल्या ख्रिस्ती लेखनिकांनी. मध्ये काही हजार वर्षांची दरी आहे. पण वाइल्डला भाबडा म्हणून सोडून देण्याआधी त्याचे दुसरे काम पाहायला हवे. १८५१ च्या शिरगणतीतले मृत्यूचे कोष्टक त्यानेच तयार केले होते. दुष्काळात कोण कशाने मेले, तापाने, हगवणीने, की निव्वळ उपासमारीने, याचे तपशील त्याने काउंटीवार लावले, आणि त्याच ग्रंथात जुन्या बखरींमधून आयर्लंडमधल्या सगळ्या साथी, दुष्काळ आणि गुरांचे रोग प्राचीन काळापासून क्रमवार नोंदवले. या कामाबद्दल १८६४ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली, आणि दुसऱ्याच वर्षी तो या माळाकाठी घर बांधून पुराणातल्या योद्ध्यांच्या समाध्या शोधू लागला. आपल्या काळातल्या मेलेल्या माणसांची थडगी बहुतेक ठिकाणी नव्हतीच, ती सामुदायिक खड्ड्यांत गेली होती. ज्याने त्या मृत्यूंची बेरीज केली त्याला नावानिशी ओळखता येतील अशा समाध्यांची ओढ लागावी, यात मला काही विचित्र वाटत नाही. हा अर्थात माझा तर्क आहे.

आणखी १५ वर्षांनी या पट्टीतल्या कुळांनी आपला हिशेब स्वतः मांडला. काँगच्या ईशान्येला, मास्कच्या काठी, कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्न याचा कारभारी राहत असे. १८७९ चे पीक बुडाले होते, कुळांनी खंडात चौथाई सूट मागितली, मालकाने १० टक्के देऊ केली, आणि १८८० च्या सप्टेंबरात बेदखलीच्या नोटिसा निघाल्या. त्यावर गावकऱ्यांनी बॉयकॉटला बोट लावले नाही, फक्त त्याच्याशी सर्व व्यवहार थांबवला. मजूर शेतातून उठून गेले, लोहार घोड्याला नाल मारीना, धोबीण कपडे घेईना, टपाल नेणाऱ्या पोराला वाटेत अडवले. शेतातले सलगम आणि बटाटे काढायला उत्तरेकडून ५० माणसे आणावी लागली आणि त्यांच्या बंदोबस्ताला सुमारे हजार शिपाई; जेवढ्याचे पीक त्याच्या कितीतरी पट खर्च. डिसेंबरच्या पहिल्या दिवशी बॉयकॉट कुटुंबासह आयर्लंड सोडून गेला आणि त्याचे आडनाव जगभरच्या भाषांत क्रियापद होऊन राहिले. पंचवीस वर्षांनी वंगभंगाच्या चळवळीत आपण तेच हत्यार उचलले आणि टिळकांनी बहिष्काराला चतुःसूत्रीत जागा दिली. तसे पाहता वाळीत टाकणे महाराष्ट्राला नवे कधीच नव्हते. फरक इतकाच की मेयोत ते कुळांनी मालकावर चालवले, आणि आपल्याकडे गावकीने आणि जातपंचायतीने दुबळ्यावर, इतके की त्याविरुद्ध आपल्याला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

काँगचे आजचे पोट मात्र या कशावरच चालत नाही. १९५१ च्या उन्हाळ्यात एका हॉलिवूड चित्रपटाचे चित्रीकरण येथे झाले, आणि तेव्हापासून लोक तो पाहून येतात. ॲशफर्डच्या किल्ल्याचे त्याआधीच हॉटेल झाले होते. कलावंत तेथेच उतरले. चित्रपटातल्या नायक-नायिकेचा पुतळा गावात आहे, चित्रपटातल्या झोपडीची हुबेहूब प्रतिकृती आहे, आणि तिच्यासमोर तिकिटासाठी रांग लागते. मठात तिकीट नाही, कालव्यावर रांग नाही. त्या चित्रपटात गुत्ता म्हणून दाखवलेली इमारत प्रत्यक्षात साधे दुकान होते. पाटी तेवढी रंगवून लावली होती. पर्यटक इतकी वर्षे तेथे येऊन बिअर मागत राहिले, की अखेर मालकांनी परवाना काढला आणि ते दुकान खरोखरचा गुत्ता झाले. आता तेथे गिनेस उत्तम मिळते.